रडं एक, वैद्य सतरा

पार्ल्यातलं सर्वांत प्रसिद्ध बाळ आजवर कोणी रडताना पाहिलेलं नाही. ते बिस्किटाच्या पुड्यावर असतं. गुबगुबीत, नीटनेटक्या केसांचं, पोटात वारा धरल्याचं एकही चिन्ह नसलेलं. कारण ते बाळ खरं नाहीच. १९६०च्या दशकात एव्हरेस्ट क्रिएटिव्ह या जाहिरातसंस्थेच्या मगनलाल दैया यांनी ते चितारलं, असं कंपनीने सांगून झालं आहे. तरी ‘ती मुलगी म्हणजे अमुक बाई’ असा निरोप मोबाइलवर अधूनमधून नव्या उत्साहाने येतोच. १९२९ साली सुरू झालेला पार्ल्याचा बिस्किट-कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, स्टेशनात गाडी शिरताना येणारा तो भाजका गोड वास गेला, पण पुड्यावरचं बाळ आहे तसं समाधानी आहे.

हाडामांसाची पार्लेकर बाळं मात्र रडतात, आणि तीही वेळ पाळून. दिवसभर दूध पिऊन, पाय झाडून, पाहुण्यांकडे पाहून गालातल्या गालात हसणारं दीड महिन्याचं बाळ दिवेलागणीला अचानक चेहरा लालबुंद करतं, मुठी आवळतं, पाय पोटाशी घेतं आणि असा काही टाहो फोडतं, की समोरच्या इमारतीतली आजी बाल्कनीत येऊन उभी राहते. तास होतो, दोन तास होतात. घेतलं तरी रडतं, ठेवलं तरी रडतं. साडेनऊला जसं सुरू झालं तसंच थांबतं, आणि बाळ इतकं निरागस झोपतं, की घरातल्या चार मोठ्या माणसांना वाटावं, रडत होतो ते आपणच.

पार्लेकरांचा स्वभाव संस्थात्मक. प्रश्न दिसला, की इथे संस्था उभी राहते. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय निघालं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ, आणि पुढे वाचनालयं, व्याख्यानमाला, नाट्यगृह, सगळं यथासांग. रडणाऱ्या बाळाभोवती जी संस्था स्थापन होते तिला मात्र ठराव लागत नाही, नोंदणी लागत नाही आणि सदस्यत्व तहहयात असतं. पहिल्याच बैठकीत निदानं मांडली जातात. सासूबाईंच्या मते सुनेने परवा वांगं खाल्लं. सुनेच्या आईच्या मते वांग्याचा काही संबंध नाही, बाळाचं पोट भरत नाही. आजोबांच्या मते ढेकर नीट काढली गेली नाही, आणि ‘नीट’ म्हणजे कशी, हे ते खांद्यावर नॅपकिन टाकून दाखवतात. शेजारच्या काकूंना दृष्टीचा संशय असतो, कारण त्यांनी स्वतःच परवा ‘किती गोड’ म्हटलेलं असतं. बाळाचा बाप कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेला असतो. त्याचं निदान इंग्रजीत असतं आणि दर पाच मिनिटांनी बदलतं.

सकाळी मालिशवाल्या मावशी येतात तेव्हा ही सगळी निदानं एका वाक्यात निकालात निघतात. बाळाच्या पोटावर तेलाचा हात फिरवत त्या सांगतात, ‘बेंबी सरकलीये.’

या विकाराची शास्त्रीय व्याख्यासुद्धा पंचांगात शोभेल अशी आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या गावचे बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांनी १९५४ मध्ये ती मांडली: एरवी धडधाकट, व्यवस्थित पोसलेलं बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडत असेल, तर तो कोलिक. तिनाचा हा त्रिकुटी नियम अजूनही डॉक्टरांच्या तोंडी आहे. साधारण पाचातल्या एका बाळाला हा त्रास होतो. आणि त्यांपैकी शंभरातल्या पाचांहूनही कमी बाळांत रडण्यामागे काही शारीरिक आजार सापडतो. उरलेल्या पंचाण्णवांचं रडं कशाने, यावर गेली सत्तर वर्षं अभ्यास चालू आहे. आतडी अजून तयार नसतात, चेतासंस्था अजून बसलेली नसते, पोटातल्या जीवाणूंची वस्ती अजून जमायची असते, असे अंदाज आहेत. दोष मात्र सर्वानुमते वांग्यालाच दिला जातो.

आपल्याकडे या बाबतीत पूर्वजही मागे नव्हते. ‘काश्यपसंहिता’ हा बाळांच्या रोगांवरचा जुना आयुर्वेदीय ग्रंथ. न बोलणाऱ्या रोग्याला कुठे दुखतंय ते कसं ओळखावं, यासाठी त्यात एक स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आहे. पोटशूळ असेल तर बाळ दूध सोडून देतं, रडतं, उताणं होतं, पोट ताठर लागतं, तोंडाला घाम येतो, अशी लक्षणं तिथे नोंदवली आहेत. कुठल्याही पार्लेकर आईला ती पटतील. फक्त ‘समोरच्या इमारतीतली आजी बाल्कनीत येते’ हे एक लक्षण त्यात राहून गेलं आहे.

आता उपाय. पहिला मान बाळगुटीचा. सहाण धुऊन, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, सुंठ, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी यांचे मोजून वेढे उगाळायचे आणि ते चाटण बाळाच्या जिभेला लावायचं. यातली मुरुडशेंग पाहण्यासारखी असते. शेंग स्वतःच पिळवटलेली, आतड्यासारखी वळलेली, म्हणून पोटात येणाऱ्या मुरड्यावर ती औषध असा न्याय. निसर्गाने बाटलीऐवजी औषधालाच लेबल लावून ठेवलं आहे, अशी श्रद्धा. वेढे किती, यावर प्रत्येक घराचा वेगळा पाठ आहे आणि पाठभेदांवरून सासर-माहेर संबंध ताणल्याच्या घटना पार्ल्यात कमी नसतील. आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको म्हणतात, आणि एक वर्षाच्या आत मध तर मुळीच नको, कारण त्यातून बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. आजी हे शांतपणे ऐकून घेतात. ‘तुला पाजलं तेव्हा कुठे गेले होते हे डॉक्टर?’ एवढंच विचारतात.

दुसरा मान हिंगाचा. पाण्यात कालवून बेंबीभोवती गोल. त्यानंतर तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, मग नागवेलीचं पान, संध्याकाळी शेपा-ओव्याची धुरी, आणि काहीच चालेना तेव्हा मीठ-मोहऱ्या. धुरीबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. तिने बाळाचं रडणं थांबो न थांबो, सल्लागार मंडळ खोकत बाहेरच्या खोलीत जातं, आणि आईला थोडी शांतता मिळते. मात्र धूर बाळाच्या फुप्फुसांनाही तितकाच लागतो, त्यामुळे मंडळाला हुसकायला दुसरा मार्ग शोधलेला बरा.

मग येते बाटली. ग्राइप वॉटर. त्याची जाहिरात दूरदर्शनवर अशी होती, की आई आजीला विचारते, आजी पणजीला, आणि प्रत्येक पिढी मागच्या पिढीचा तोच दाखला देते. त्यामुळे हे औषध बहुधा शिवकाळापासून चालत आलं असावं, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ते १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने बाजारात आणलं. मूळ मिश्रणात साखर होती, खाण्याचा सोडा होता, शेपाचं तेल होतं, आणि सुमारे साडेतीन टक्के अल्कोहोल होतं. बाळ शांत का होत असे, याचा उलगडा व्हायला वैद्यकीय पदवीची गरज नाही. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात अल्कोहोल काढून टाकण्यात आलं. शेपाचं तेल राहिलं. म्हणजे पार्ल्यातली आजी बाळंतिणीला जेवणानंतर जे बाळंतशेपा चघळायला देत होती, तेच नॉटिंगहॅमहून बाटलीत बसून परत आलं आणि आजींनी ते ‘आपलं जुनं औषध’ म्हणून मनापासून स्वीकारलं.

डॉक्टर लिहून देतात ते थेंबही या बाबतीत फार मोठा तोरा मिरवू शकत नाहीत. पोटातले बुडबुडे फोडणारं सिमेथिकोन घ्या. १९९४ मध्ये अमेरिकेत त्याची साध्या बिनऔषधी थेंबांशी तुलना झाली आणि दोघांचा निकाल सारखाच लागला. डायसायक्लोमिन हे पोटाची कळ सोडवणारं औषध खरोखर चालत असे, पण त्याने तान्ह्या बाळांचा श्वास अडखळू लागला, म्हणून सहा महिन्यांखाली ते देऊ नये असं ठरलं. अंगावर पिणाऱ्या बाळांत लॅक्टोबॅसिलस र्‍युटेरी या जीवाणूच्या थेंबांनी रडणं काहीसं कमी होतं, असे काही अभ्यास सांगतात. बाकी सगळं दृष्ट काढण्याच्या पंगतीत.

पार्ल्याचा स्वतःचा म्हणावा असा एक उपाय रिक्षा. चालत्या रिक्षात बाळ चिडीचूप. सहारची वाट धरली की डोळे मिटतं, हायवेच्या सिग्नलला रिक्षा थांबली की उघडतं. मीटर दोन्हीकडे चालूच असतं. कॅनडातल्या टोरोंटोत ही गोष्ट १९९३ मध्ये चक्क तपासली गेली. पाळण्याला मोटारीसारखी थरथर आणि घरघर देणारं यंत्र लावून पाहिलं, आणि नुसता धीर देणाऱ्या सल्ल्यापेक्षा त्याने जास्त काही साधलं नाही. आवाजाच्या उपायात तर पार्लेकर निसर्गतःच श्रीमंत. परदेशी आया ‘व्हाइट नॉइज’ची ॲपं विकत घेतात, इथे विमानतळ उशाशी आहे आणि दर थोड्या मिनिटांनी डोक्यावरून मोफत घरघर जाते. याच विमानांपायी पार्ल्यातल्या कितीतरी इमारतींच्या उंचीला कात्री लागली आणि पुनर्विकास रखडला. निदान बाळांना तरी त्यांचा उपयोग होतो, असं रहिवासी संघाच्या सभेत अजून कोणी बोललेलं नाही.

पण खरी सत्ता मावशींची.

पाय लांब करून पाटावर बसलेल्या मावशी, पायांवर बाळ, शेजारी तेलाची वाटी आणि वाफाळतं पाणी. टाळू भरायची, पाठ चोळायची, उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला लावून कात्रीसारखं ताणायचं, आणि शेवटी काही मावशी घोट्यांना धरून बाळाला क्षणभर उलटंही करतात. त्या क्षणी नवी आई डोळे मिटते. बाळ मात्र बहुतेक वेळा मालिशीनंतर गाढ झोपतं, आणि मावशींचा अधिकार आणखी एका दिवसाने पक्का होतो. तेल चोळण्याला विज्ञानाचा थोडा आधारही आहे. मुंबईच्याच शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये नोंदवलं, की खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन जास्त वेगाने वाढलं. वजनाचं हे खरं. बेंबीचं काय?

बेंबी सरकत नाही. तिला सरकायला जागा नसते. पण ‘शरीरातलं काहीतरी जागचं हललंय, ते हाताने जागेवर बसवलं की सगळं ठीक होईल’ ही कल्पना इतकी सोयीची आहे, की ती पृथ्वीवर एकाच ठिकाणी सुचून थांबणं शक्य नव्हतं. कोकणात उसण भरली की पायाळू माणूस शोधतात. जन्मताना जो पायाकडून आला, त्याने पाठीवर लाथ लावली की उसण जाते, असा समज आहे. लाथ मारणाऱ्याला कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही, ती त्याने जन्मालाच दिलेली असते.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी, डॅनियल डेव्हिड पामर नावाचा एक गृहस्थ होता. आधी तो किराणा विकत असे, सोनेरी मासे विकत असे, मग चुंबकीय उपचार करू लागला. सप्टेंबर १८९५ मध्ये त्याने आपल्या दवाखान्याच्या इमारतीतल्या हार्वे लिलार्ड या झाडलोट करणाऱ्या बहिऱ्या माणसाच्या पाठीतला ‘सरकलेला’ मणका दाबून बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं जाहीर केलं. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या वाटेने जातच नाही, ही अडचण पामरला अडचण वाटली नाही. शंभरातले पंचाण्णव रोग मणके सरकल्याने होतात असं त्याचं म्हणणं होतं, आणि या शास्त्राचं नाव ठरलं कायरोप्रॅक्टिक. १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल तो काही दिवस तुरुंगातही जाऊन आला. मावशींची बेंबी आणि पामरचा मणका यांत फरक इतकाच, की पामरने कॉलेज काढलं.

आज मुंबईच्या उपनगरांत कायरोप्रॅक्टिकच्या पाट्या दिसतात. येणारे बहुतेक लोक लॅपटॉपने वाकलेले, लोकलने पिळलेले, पन्नाशीच्या आतले. मणका कडकड वाजतो त्याच्या चित्रफिती लोक रात्री झोपण्यापूर्वी आवडीने पाहतात. बाळांसाठीचं ‘सौम्य’ कायरोप्रॅक्टिक मात्र पार्ल्याच्या घरात शिरतं ते न्यूजर्सीच्या वहिनीच्या फोनमधून. तिकडे तिच्या मैत्रिणीच्या बाळाला नेलं होतं, तीन बैठकांत रडं थांबलं. कडकड वगैरे काही नाही हं. बोटाच्या टोकाने इतकाच दाब, जितका पिकलेला टोमॅटो पाहताना देतो. ही टोमॅटोची उपमा त्या व्यवसायात जगभर चालते. ती घडवणाऱ्याने पार्ल्याच्या बाजारात टोमॅटो दाबून पाहिलेला नसावा. भाजीवाली ते करू देत नाही.

एक गोष्ट मात्र पार्लेकर बाबाच्या लक्षात येते. डॉक्टरांची परिषद आहे, दंतवैद्यांची आहे, परिचारिकांची आहे. चूक झाली तर तक्रार कुठे करायची ते ठाऊक असतं. कायरोप्रॅक्टिकला आपल्या देशात तशी स्वतंत्र परिषद नाही. ती मावशींनाही नाही, पण मावशी उद्या सकाळी परत येणार असतात.

तर या बोटाच्या दाबाचा उपयोग होतो का? इथे विज्ञान फार गमतीदार होतं. नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये शंभर रडक्या बाळांची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या बाळांच्या मणक्यांवर कायरोप्रॅक्टरने उपचार केले, उरलेल्या निम्म्यांना एका परिचारिकेने दहा मिनिटं नुसतं धरून ठेवलं. कोणत्या बाळाला काय मिळालं, हे आईबापांना सांगितलं नव्हतं. शेवटी उपचार झालेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के बाळं सुधारली, असं आईबाप म्हणाले. नुसती धरलेली? साठ टक्के. संख्याशास्त्राच्या तराजूत हा फरक फरक ठरला नाही. थोडक्यात, एका अनोळखी बाईने बाळ दहा मिनिटं हातात घेतलं, तेवढ्यावर दहातल्या सहा घरांत आराम पडला.

२०१२ मध्ये कॉक्रेन या निष्पक्ष परीक्षण करणाऱ्या संस्थेने असे सहा अभ्यास, ३२५ बाळं, एकत्र पाहिली. हातांच्या उपचारांनी रडणं दिवसाला सरासरी एक तास बारा मिनिटांनी कमी झालेलं दिसलं. एक तास बारा मिनिटं म्हणजे आईच्या दृष्टीने अख्खी वसंत व्याख्यानमाला. पण ज्या अभ्यासांत आईबापांना उपचार झाला की नाही हे माहीत नव्हतं, तेवढेच वेगळे काढले, तर तो फायदा विरघळला. पुढे २०२१ मध्ये डेन्मार्कमधून दोनशे बाळांची चाचणी आली. बाळाला दुसऱ्या खोलीत नेत, आईबाप बाहेर. उपचार झालेल्यांचं रडणं दीड तासाने उतरलं, न झालेल्यांचंही एका तासाने उतरलंच, आणि हिशेब नीट जुळवल्यावर मधला अर्धा तासही ठामपणे उभा राहू शकला नाही. एकंदरीत, कळ बाळाच्या पोटात असली, तरी उपचार बऱ्याच अंशी आईबापांवर होत असतो.

या मुद्द्यावरून लंडनमध्ये कोर्टकज्जाही झाला. पंजाबी कुटुंबातले विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये ‘गार्डियन’मध्ये लिहिलं, की बाळांच्या कोलिकवर गुण येतो या ब्रिटिश कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेच्या दाव्याला पुरावा नाही. संघटनेने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. एप्रिल २०१० मध्ये वरच्या न्यायालयाने सिंग यांच्या बाजूने कौल दिला, संघटनेने दावा मागे घेतला, आणि त्या प्रकरणातून उठलेल्या चळवळीने २०१३ मध्ये इंग्लंडचा अब्रुनुकसानीचा कायदाच बदलला. बाळाच्या पोटातल्या वाऱ्याने पार्लमेंटपर्यंत मजल मारल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण.

ऑस्ट्रेलियाची कथा आणखी मासलेवाईक. मेलबर्नमधल्या एका कायरोप्रॅक्टरने दोन आठवड्यांच्या बाळाला घोट्यांना धरून उलटं टांगलेली आणि स्प्रिंगच्या उपकरणाने त्याच्या पाठीवर टकटक केलेली चित्रफीत २०१९ मध्ये गाजली. देशभर गहजब झाला. (मावशींना ती दाखवली असती तर त्यांनी पकड चुकतेय एवढंच म्हटलं असतं.) दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांना हात लावण्यावर बंदी आली आणि व्हिक्टोरिया राज्याने चौकशी नेमली. चौकशीत दोन गोष्टी एकत्र निघाल्या. एक, उपयोगाचा पुरावा अगदी तोकडा. दोन, वीस हजारांहून जास्त पालकांनी आपला अनुभव लिहून पाठवला, आणि जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं: उत्तम! गंभीर इजा झाल्याच्या तक्रारी तिथे सापडल्या नाहीत हेही खरं. पण पंधरवड्याच्या बाळाच्या मानेचा प्रश्न असल्यावर, फायदा दिसत नसताना धोका पत्करायचा कशाला, असा सवाल राहिला. २०२३ च्या शेवटी बंदी सैल झाली, २०२४ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी आवाज उठवल्यावर पुन्हा आवळली.

वीस हजार पालक खोटं बोलत होते का? मुळीच नाही. पार्ल्याच्या आजीही खोटं बोलत नाहीत, आणि न्यूजर्सीच्या वहिनीही नाहीत. सगळ्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं. गोम कॅलेंडरमध्ये आहे.

१९६२ मध्ये टी. बेरी ब्रॅझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने ऐंशी आयांना बाळाच्या रडण्याची रोजनिशी ठेवायला लावली. कोलिक वगैरे काही नसलेल्या, अगदी साध्या बाळांचं रडणंसुद्धा जन्मापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला पावणेतीन तासांवर पोचतं, आणि मग उतरू लागतं, असं त्यात दिसलं. पुढे रॉनल्ड बार यांनी आफ्रिकेतल्या कालाहारीच्या वाळवंटातली कुंग सान बाळं पाहिली. ती दिवसभर आईच्या अंगाला बांधलेली असत, कुरकुरली की लगेच दूध मिळे. त्यांच्या रडण्याचा एकूण वेळ कमी भरला, पण चढ-उताराचा डोंगर तोच, शिखर तिथेच. त्या आयांनी वांगं खाल्लेलं नव्हतं.

हा डोंगर डोळ्यांपुढे ठेवला, की सगळ्या उपायांचा हिशेब लागतो. तिसऱ्या आठवड्यात गुटी सुरू केली आणि रडणं वाढलं: गुटी मानवली नाही. चौथ्यात हिंग, पाचव्यात थेंब: डॉक्टर बदला. सहाव्यात दृष्ट काढली, त्या रात्री तर कहर: दृष्ट जबर होती. एव्हाना घर थकलेलं, बाप हवालदिल, फोनमध्ये वहिनी. सातव्या आठवड्यात मावशी बदलल्या किंवा बोटाच्या दाबाची पहिली बैठक झाली, आणि काय आश्चर्य, आठव्यात अर्धा तास कमी! दहाव्यात आणखी. बाराव्यात बाळ संध्याकाळी पंख्याकडे बघून हसतंय. सहाव्या आठवड्याआधी जो आला तो बदनाम होतो, नंतर जो आला त्याच्या नावाने घरात पेढे वाटतात. शिवाय लोक वैद्याकडे धावतात ते रडणं अगदी टिपेला पोचल्यावर, आणि टिपेच्या पुढे उतारच असतो. तीन ते चार महिन्यांत बहुतेक बाळं आपापली थांबतात, आणि ज्यांना काहीच दिलं नाही तीही थांबतात. फक्त त्यांच्या आयांकडे नंतर दुसऱ्यांना सांगायला उपाय नसतो, म्हणून त्यांचं कोणी ऐकत नाही.

मग करायचं काय, हा प्रश्न उरतोच, कारण सहाव्या आठवड्यातल्या आईला ब्रॅझल्टनचा आलेख दाखवणारा नवरा घरातून हाकलला जाण्याचा संभव आहे. डॉक्टर सांगतात ते ऐकायला फार भव्य वाटत नाही. बाळाला अंगाशी धरा, फिरवा, ढेकर काढा, दिवे मंद करा, आणि हात थरथरायला लागले, डोकं तापलं, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा; पाच मिनिटं एकट्याने रडल्याने बाळाचं काही बिघडत नाही. बाळाला रागाने गदागदा हलवणं मात्र कधीही नको, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो आणि तो कुठल्याही कोलिकपेक्षा भयंकर. नाकाकानात तेल नको, उलटं टांगणं नको, मग ते मावशींनी केलेलं असो की पदवीधराने. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंशांचा ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, शीमधून रक्त पडत असेल, दूध सोडलं असेल, वजन वाढत नसेल, किंवा रडण्याचा सूरच क्षीण, वेगळा लागत असेल, तर निदान मंडळाची बैठक बोलवू नये. पार्ल्याच्या पश्चिमेला कूपर रुग्णालय आहे, नानावटी आहे. रिक्षा करून थेट जावं, सिग्नल लागला तरी.

बाकीच्यांसाठी बर्गेनच्या त्या परिचारिकेचा उपाय आहे, आणि त्याला परवाना लागत नाही. शेजारी, काकू, आत्या, व्हॉट्सॲपवरचे मामा, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ या सर्वांना विनंती: संध्याकाळी सातनंतर रडण्याचा आवाज आला, तर जरूर जा. जाताना उपाय घरी ठेवा. हात धुवा, बाळ घ्या, आणि त्याच्या आईला तासभर झोपू द्या.